न्यूट्रल

ज्येष्ठातली रात्र, दोन वाजून दहा.
जनकगंजात लाइट जाऊन तास झाला होता
आणि आम्ही पाणी मारलेल्या अंगणात
झोपेची वाट बघत पडलो होतो.

मग ती आली.
आली म्हणजे उसळलीच.
ओटीवरचा चाळीसचा बल्ब पांढराफटक पडला,
पंखा असा धावला की भिंतीवरचं कॅलेंडर सुटून पडलं,
आणि आतल्या खोलीतून, एसीच्या पोटातून,
टक्.
एवढंच. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं.

वास मागाहून आला.
तोवर माहोरांचा फ्रिज गेला होता,
समोरचा टीव्ही, कोपऱ्यावरची पिठाची चक्की.
एकेका दारातून एकेक माणूस बाहेर येत गेलं
आणि अडीचला अख्खी गल्ली
वरातीची वाट बघत असल्यासारखी उभी.

सकाळी हरगोविंद कुशवाह आला, दातांत स्क्रू धरून.
पीसीबी काढून त्याने उजेडात तिरपी केली.
कपॅसिटर फुगलेला.
शेजारी बटणाएवढी निळी गोळी, मधोमध उकललेली.
"ही मरायलाच बसवलेली असते, साहेब.
दाब वाढला की आधी ही जाते,
मागच्यांना तेवढा वेळ मिळतो.
पण रात्री चारशे आले. ती बिचारी काय करणार?"

मग कॉम्प्रेसर.
मीटरचं एक टोक अंगाला, एक टर्मिनलला,
आणि मीटर वाजतच राहिला.
अठरा हजार, तो म्हणाला, आवाज खाली आणून,
दवाखान्यात आणतात तसा.

स्टॅबिलायझर होता की, मी म्हटलं.
त्याने आधी स्टॅबिलायझरकडे पाहिलं,
मग त्याच्यावरच्या लोणच्याच्या बरणीकडे,
मग लोंबणाऱ्या, कुठेच न लावलेल्या वायरीकडे.
काही बोलला नाही.

खांबावर न्यूट्रल सुटला होता.
तीन तारांना सगळे भितात.
चौथीला हात लागला तरी सहसा झटका बसत नाही,
तिच्यात काही नाहीच असं वाटतं.
ती सैल झाली की तिघी एकमेकींवर धावतात:
एका घरात चारशे,
आणि दुसऱ्यात बल्ब मिणमिणतो, चिलमीतल्या निखाऱ्यासारखा.

वर बापूंचा बल्ब रात्रभर तसाच होता.
मी अंगणातून पाहिला होता.
त्यांचा मीटर वेगळा, फेज वेगळी,
आणि आता लोखंडी जिनाही वेगळा, बाहेरून.

फाल्गुनात शरयूवहिनी गेल्या.
वहिनींना या घरात मत असं नव्हतंच.
खाली आल्या की म्हणायच्या, वर सगळं ठीक.
वर गेल्या की, खाली सगळं ठीक.
दोन्ही खोटं.
इकडून वाटीभर आमटी, तिकडून दोन पोळ्या,
आणि दिवसातून चौदा वेळा जिना.
गुडघे दुखतात म्हणायच्या, आम्ही तेल आणून द्यायचो.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी
गच्चीच्या किल्लीवरून
मी आणि बापू एकमेकांना जे बोललो
ते ऐकून माझा तेवीस वर्षांचा मुलगा रडला.

लाइनमन अकराला उगवला.
तार नवी नाही, जुनीच.
टोक सोललं, गंज खरवडला, पीळ दिला,
चिमट्यात घट्ट बसवलं.
सगळं मिळून चार मिनिटं.

खाली उतरून त्याने पाणी मागितलं.
मी आत वळेपर्यंत
बापू लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात तांब्या.
लाइनमन वरून धार धरून प्याला, मिशी पुसली, गेला.
तांब्या बापूंच्या हातात तसाच पुढे राहिला,
माझ्याकडे की नुसताच, कळलं नाही.

"फ्रिज चालू आहे ना तुमचा?" मी विचारलं.
"आहे."
दोन पायऱ्या चढून थांबले. पाठमोरेच.
"बर्फ पाठवतो."